स्केलिंगला जाताना: हिरडीचा आकडा विचारून घ्या

घरातल्या मोठ्या माणसांना मी स्केलिंगला, म्हणजे दातांवरचं कडक किटण मशीननं काढायला, घेऊन जातो, स्वतःचंही करून घेतो. ‘दुखत तर नाही, मग कशाला?’ हा प्रश्न दर वेळी येतो. हिरडीचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही. आतलं हाड झिजत जातं आणि दात हलायला लागला की मग कळतं. झिजलेलं हाड नुसत्या सफाईनं परत भरत नाही.

छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्च खासगीपेक्षा कमी, पण वेळ काढून जावं लागतं: केसपेपर, मग तपासणी, गरज असेल तर एक्स-रे, मग हिरड्यांचा विभाग. शिकाऊ डॉक्टर काम करतात आणि शिक्षक येऊन बघतात. हात सावकाश चालतो, मला ते बरंच वाटतं.

उपाशी जाऊ नका, विशेषतः शुगर असेल तर. नेहमीची गोळी आणि जेवण चुकवू नका, एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट सोबत ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पेसमेकर असेल तर खुर्चीवर बसण्याआधीच सांगायचं. झडप बदललेल्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

मशीन सुरू होण्याआधी डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. माझ्या मते सगळ्या भेटीत हेच सगळ्यात मोलाचं. १ ते ३ मिलीमीटर ठीक. ४ किंवा जास्त आणि सळई लागताच रक्त, तर तिथं हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय असं समजा. ५-६ असेल तर वरवरची सफाई पुरत नाही. भूल देऊन मुळापर्यंत खरवडावं लागतं. कोणत्या दाताला किती आलं ते केसपेपरवर लिहून मागा. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी ‘रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात आणि आजार असूनही रक्त कमी दिसतं.

किटण बनतं ते दातावरच्या चिकट थरात लाळेतला कॅल्शियम बसून. एकदा कडक झालं की ब्रशनं निघत नाही. लाळेच्या ग्रंथी जिथं उघडतात तिथं ते जास्त साठतं, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. स्केलरचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरतं आणि किटण फुटतं. पाण्याचा फवारा टोक थंड ठेवतो. गार पाण्यानं कळ आली तर हात वर करा, थांबवतात.

नंतर दातांत फटी दिसतात, दात थोडे सैल वाटतात आणि गावभर होतं की सफाईनं दात हलले. किटणानं भरलेली जागा मोकळी झालेली असते, सुजलेली हिरडी बसलेली असते. हलणारा दात आधीच हलत होता, किटणानं नुसता धरून ठेवला होता. थंड लागणं काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत कमी होतं.

मिश्रीचे, चहाचे डाग निघतात. पण किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलंय. त्यानं पडलेले तपकिरी पट्टे दात घडतानाच इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरात, बसलेले असतात, ते स्केलिंगनं जात नाहीत. मिश्री मात्र सोडाच. तीत तंबाखूच असतो.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के दिलं तर १० मिली तोंडात अर्धा ते एक मिनिट फिरवून थुंकायचं, ब्रशनंतर अर्ध्या तासाच्या अंतरानं. सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त नको, दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते. ब्रश मऊ घ्या आणि हिरडीकडे तिरका धरून हलकेच फिरवा. फटी मोठ्या असतील तर त्यांच्या मापाचा छोटा ब्रश डॉक्टरांकडून बघून घ्या.

खिसे असतील तर खरवडल्यानंतर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्यायचं. ६ चा ४ झाला तर हिरडी भरत आलीय, तसाच राहिला तर पुढच्या उपचाराचं विचारायचं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, शुगरवाल्यांनी तर नक्कीच. ज्यांच्या हिरड्या ठीक आहेत त्यांना सहसा सहा महिन्यांनी पुरतं. जाताना जुना केसपेपर न्या, आधीचे आकडे त्यावरच असतात.