मुळांवर उभं झाड

काल मुळांभोवतीच्या नळीचा शेवटचा पट्टा कापून काढला आणि माझं फायकसचं (वडाच्या जातीतल्या झाडाचं) बोन्साय पहिल्यांदाच स्वतःच्या मुळांवर उभं राहिलं. खोड सुरू होतं मातीच्या वीतभर वर, आणि त्याखाली एकमेकांना पीळ घालत कुंडीत उतरलेली सात मुळं. बराच वेळ मी नुसती बघत बसले होते.

बोन्सायच्या या घडणीला जपानीत नेआगारी म्हणतात, म्हणजे वर आलेली मुळं. नदीकाठची किंवा उतारावरची माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात, हळूहळू त्यांच्यावर साल धरते आणि झाड तसंच जगत राहतं. इतकी ही साधी गोष्ट. तरीही 'नेआगारी कृत्रिम दिसते, तिच्या वाटेला जाऊ नका' असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलंय. ते मला पटत नाही. जुन्या जपानी चित्रांमधल्या कुंड्या बघितल्यापासून तर अजिबातच नाही.

एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) उकियो-ए चित्रांत, म्हणजे बहुतेक लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत, झाडं दिसतात ती निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या खोल कुंड्यांत, आणि त्यांना लपवाछपवी ठाऊकच नाही. ताकोझुकुरी ही घडणच घ्या. ताको म्हणजे ऑक्टोपस. खोडाला एकावर एक वळणं, फांद्याही तशाच वळवळत बाहेर पडलेल्या. माणसाच्या हाताची करामत उघड दिसावी, हीच तेव्हाची हौस. पुढे चिनी विद्वानांच्या परंपरेतली सडपातळ, मोकळी बुंजिन घडण रसिकांच्या मनात भरली, मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ऑक्टोपस मागे पडला आणि 'निसर्गात दिसेल तसं' हा निकष बसला. १९२३च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायकार शहराच्या उत्तरेला ओमियाला गेले, १९२५मध्ये तिथं त्यांचं गाव वसलं, १९३४पासून कोकुफू हे बोन्सायचं मोठं प्रदर्शन भरू लागलं. आपण शिकतो ते नियम बरेचसे याच आवडीतून आलेत. आवड उत्तमच आहे, पण आहे ती एका काळाची.

आता नेआगारी परत येतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. युरोप-अमेरिकेतही लोक पाइनची रोपं उंच नळ्यांत वाढवताहेत.

पद्धत सोपी आहे, लागतो तो वेळ. नळीत वरच्या भागात जाडी वाळू, तळाशी कसदार माती. ओलाव्याच्या आणि अन्नाच्या ओढीनं मुळं सरळ खाली जातात. ती पोसली की नळी वरून थोडी थोडी कापत जायची, म्हणजे उघड्या पडलेल्या भागाला उन्हावाऱ्याची सवय होते. पहिल्या झाडाच्या वेळी मी एकाच दिवशी अर्धी नळी काढली होती. बारीक मुळं चार दिवसांत सुतळीसारखी वाळली आणि झाड गेलं. या वेळी एका खेपेला दोन बोटं, मग दीड-दोन महिने थांबायचं. चार वर्षं गेली.

सातांपैकी एक मूळ फार बारीक आहे, बाकीच्यांच्या मधून तिरकं गेलंय. ते छाटून टाकावंसं वाटत होतं. पण सकाळी बघितलं तर त्याच्या टोकाशी, मातीला लागून, पांढरी नवी मुळी फुटलीय. राहू दे.