असंच

रविवार, रात्री

पुस्तक काल सोफ्यावर पडलं होतं. लायब्ररीचं, कडकड वाजणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरातलं, ढब्बू अक्षरांचं. साधी प्रत बाहेर गेली होती. घरी आलेल्या मैत्रिणीनं उचललं, चाळलं. "अय्या, कॅथरीन कुकसन? हे तर इथल्या आज्या वाचतात!" मी म्हटलं, "असंच गं."

असंच! तीन आठवडे जागून वाचतेय आणि म्हणे असंच.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. चाळिशी उलटली, घर आहे, नोकरी आहे, तरी कुणी भुवई उचलली की मी आपली पाटावरून उठून उभी.

ही कुकसनबाई, कादंबऱ्या लिहिणारी, आपल्याच मेट्रो लाइनवरची. 1906 साली इथं ईशान्य इंग्लंडात, टाइन डॉकला जन्म, आई बिनलग्नाची. लहानपणी आजीलाच आई समजायची, आईला बहीण. घरातलं किडूकमिडूक गहाण टाकायला हीच, बिअर भरून आणायला हीच. पुढं लोकांकडं घरकाम, मग वर्कहाउसात, म्हणजे निराधारांना ठेवायचे तिथं, कपडे धुण्याच्या खात्यात. तिथून वर यायला तिनं हातात काय घ्यावं? अठराव्या शतकातल्या लॉर्ड चेस्टरफील्ड नावाच्या उमरावानं मुलाला लिहिलेली पत्रं! कसं बोलावं, कसं वागावं, कुणात उठावं-बसावं. गंमत म्हणजे तो मुलगाही अनौरसच. हे कळलं तेव्हा मी मेट्रोत एकटीच हसले.

माझा चेस्टरफील्ड म्हणजे होस्टेलची रूममेट. "पानी नाही, पाणी. आनि नाही, आणि." रात्री पांघरुणात तोंड खुपसून 'ण' घोटलाय मी. तिनं लग्नाला बोलावलं नाही, ते असो. इथं आल्यावर वाटलं, सुटले. हे लोक एकमेकांना रात्रीच्या जेवणाला 'टी' म्हणतात की 'डिनर' यावरूनसुद्धा जोखतात. माझ्या इंग्रजीवरून त्यांना मी भारतीय, एवढंच कळतं. कुठल्या आळीतली, ते नाही. आणि पकडली कुणी जावी? पुण्याच्या मैत्रिणीकडून, स्वतःच्याच सोफ्यावर.

पण पकडलं तरी कुठं तिनं? 'असंच' मीच म्हणाले.

बाईची पहिली कादंबरी 1950ची. मग नव्वदच्या वर लिहिल्या, 1993 साली डेम झाली, म्हणजे बायकांचा 'सर'चा किताब, वर्षानुवर्षं ब्रिटनच्या लायब्रऱ्यांतून सगळ्यात जास्त हिचीच पुस्तकं घरी नेली गेली. तरी आज्यांचीच! बरं मग, आज्या तर आज्या. माझेही केस कुठं काळे राहिलेत.

दुपारी आईचा फोन.

"काय करतीयास?"

"वाचतेय."

"कसलं पुस्तक?"

'असंच' अगदी ओठांवर आलं होतं.

"एका बाईचं. लोकांची धुणी धुवायची ती."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "मंग सांग की."

कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या की सहा, कुणास ठाऊक. डाळीचा पार लगदा.