प्लिमथच्या कवडशातली धूळ

इंग्लंडमधल्या प्लिमथला फेब्रुवारीत ऊन पडलं की ती बातमी असते. शेजारीपाजारी एकमेकांना सांगतात, आज मस्त पडलंय म्हणून. मागच्या आठवड्यात असंच झालं, आठ दिवस सलग भुरभुर चालू होती, घरात खोली गरम ठेवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरवर कपडे वाळत टाकलेले, लेकीचं शाळेचं स्वेटर, नवऱ्याचं फ्लीसचं जॅकेट, माझ्या लेगिंग्ज, आणि अचानक खिडकीतून असा तिरपा कवडसा आत आला आणि त्यात धूळ नाचायला लागली. लहानपणी रत्नागिरीच्या घरी काचेच्या कौलातून असाच कवडसा माजघरात पडायचा आणि मी हात फिरवून ती धूळ पकडायचा प्रयत्न करायचे. आता मात्र ती बघून माझ्या मनात पहिला विचार आला की यातले धागे किती आणि त्यातले पॉलिएस्टरचे किती.

हे डोक्यात शिरण्याचं कारण हे शहरच आहे. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मला प्लिमथ म्हणजे आरमाराची गोदी, 'द हो' नावाच्या समुद्राकाठच्या टेकडीवरचं लाल-पांढरं दीपगृह आणि हातातलं खाणं पळवणारे सीगल एवढंच माहीत होतं. रत्नागिरीला मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचे, इथे लेक शाळेत गेली की वेळ असायचा, मग वाचायला लागले. तेव्हा कळलं की मायक्रोप्लास्टिक (म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण) हा शब्द आज जगभर ज्या अर्थाने वापरतात तो रूढ झाला तो इथल्या युनिव्हर्सिटीतल्या रिचर्ड थॉम्पसन या सागरी जीवशास्त्रज्ञामुळे, २००४ मधे 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या एका पानाच्या लेखामुळे. खरंच एकच पान आहे तो लेख!

पण गोष्ट सुरू होते त्याच्याही आधी. १९९३ मधे ते पीएचडी करत होते आणि आइल ऑफ मॅन बेटावर किनारा साफ करायला गेले होते. गोळा केलेला कचरा तक्त्यात लिहायचा असतो, बाटल्या इतक्या, दोर इतके, पिशव्या इतक्या. थॉम्पसनना दिसलं की वाळूत बारीकसारीक रंगीत तुकडे तर खच्चून पडलेत पण त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. मोठं तेवढं उचलायचं, बारीक तसंच राहायचं, आणि लिहिलं नाही म्हटल्यावर कुणाच्या हिशोबातच नाही. पुढे शिकवायला लागल्यावर ते विद्यार्थ्यांना किनाऱ्यावरचा सगळ्यात लहान प्लास्टिकचा तुकडा शोधून आणायला सांगायचे. मी स्वतः शिक्षिका, मला हे इतकं आवडलं की काय सांगू. शास्त्राची अख्खी धडपड त्या एका प्रश्नात आहे.

मग वाळूतून हे तुकडे काढायचे कसे? तर मिठाच्या पाण्याने. आपल्याकडे पेरणीच्या आधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात ना, भरलेला दाणा तळाशी बसतो आणि पोचट वर तरंगतो, अगदी तेच. वाळू खाली बसते, बरंचसं प्लास्टिक वर येतं, ते गाळून घ्यायचं आणि मग इन्फ्रारेड प्रकाश टाकून बघायचं की हा तुकडा नायलॉन आहे, अ‍ॅक्रिलिक आहे का नुसता वाळलेल्या शेवाळाचा धागा. डोळ्यांनी बघून छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांना संशय आलेल्या तुकड्यांपैकी साधारण एक तृतीयांश तुकडेच खरे कृत्रिम पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक, निघाले आणि तेवढेच त्यांनी धरले. हा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आता कुठेही काहीही बारीक दिसलं की प्लास्टिक म्हणून व्हिडिओ फिरतात.

थॉम्पसनच्या त्या एका पानाच्या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र रेशमाची आहे. समुद्रातले सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक मोजायला इथे एक यंत्र आहे, साधारण मीटरभर लांबीचं, टॉर्पेडोसारखं, जे १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढत नेतात. आत रेशमी कापडाची गुंडाळी असते, जहाज पुढे गेलं की पाण्याच्या जोराने छोटा पंखा फिरतो, कापड हळूहळू सरकतं आणि प्लवक त्यात अडकतात, वरून दुसरं रेशीम बसतं, आणि सगळं फॉर्मॅलिनमधे जाऊन टिकतं. त्या कापडांचा साठा इथेच प्लिमथमधे आहे. जमवणाऱ्यांच्या मनात प्लास्टिक नव्हतंच. थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या वरच्या समुद्रातली १९६० पासूनची ती जुनी रेशमं काढून बघितली तर साठच्या दशकातल्या नमुन्यांतही प्लास्टिकचे धागे होते, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात त्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं. म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी चाळीस वर्षं नीट जपून ठेवलं म्हणून हे कळलं. हे काम बघणारी संस्था जिथे आहे त्या सिटाडेल हिलवरून मी कितीदा तरी भाजी घेऊन चालत आलेय.

किनाऱ्यावर मीही गेलेय. टोरपॉइंटला साखळीवर चालणारी फेरी आहे, गाडीसकट टेमर नदी ओलांडून कॉर्नवॉलमधे सोडते, तिथून पुढे व्हिटसँड बे. लांबून बघाल तर इतका सुंदर किनारा की गणपतीपुळ्याची आठवण यावी. भरतीच्या रेषेशी गुडघे टेकून बसलात की मग साबुदाण्यासारखे गोल दाणे दिसतात. त्यांना नर्डल म्हणतात, प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल. लेकीने अर्ध्या तासात चहाचा कप भरला आणि जागा बदलावी सुद्धा लागली नाही.

पण माझी झोप उडवली ती कपड्यांनी. २०१६ मधे इथल्याच युनिव्हर्सिटीतल्या संशोधक इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी घरगुती वॉशिंग मशिनवर प्रयोग केला, ६ किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांवर धागे सुटू शकतात, पॉलिएस्टरचे ५ लाखांच्या जवळपास. ते सांडपाण्यात जातात, शुद्धीकरण केंद्रात बरेचसे अडतात पण ते अडलेले गाळात जातात आणि तो गाळ इथे शेतात खत म्हणून टाकतात. म्हणजे गेले कुठे, कुठेच नाही! आणि २०२० मधे इटलीतल्या संशोधकांबरोबर जो अभ्यास झाला त्यात असं निघालं की कपडे नुसते अंगावर घालून वावरलं तरी धागे हवेत सुटतात, एका माणसामागे वर्षाला धुण्यातून अंदाजे ३० कोटी पॉलिएस्टर धागे तर नुसतं घातल्यामुळे ९० कोटींच्या वर. धुण्यापेक्षा घालण्यातून जास्त. हे वाचलं त्या दिवशी मी रेडिएटरवरचं फ्लीस जॅकेट कितीतरी वेळ बघत बसले होते.

आणि हवेत सुटलेलं हे प्लास्टिक घरापाशी थांबत नाही. फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात, जिथे धड गावही जवळ नाही, २०१९ च्या एका अभ्यासात दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ३६५ कण पडताना सापडले. त्याच वर्षी एव्हरेस्टवर गेलेल्या मोहिमेने आणलेला बर्फ इथे प्लिमथच्या प्रयोगशाळेत तपासला, तर ८,४४० मीटरवरच्या, बाल्कनी म्हणतात त्या जागेच्या बर्फातही धागे, बहुतेक पॉलिएस्टर. गिर्यारोहकांच्या जॅकेट, तंबू, दोरांमधलं. गंगेवरचा अभ्यास तर मी दोनदा वाचला, नॅपर त्यातही होत्या, महिलांच्या नेतृत्वाखालच्या त्या मोहिमेने २०१९ मधे पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घेतले, आणि अंदाज असा की गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना मिळून दिवसाला १ ते ३ अब्ज कण बंगालच्या उपसागरात सोडत असतील. तिथेही मुख्यतः धागेच, तुकडे कमी.

माणसाच्या शरीरातही कण मिळालेत, २०२२ मधे नेदरलँड्समधे २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात. त्यातून आजार किती आणि कुठला हे संशोधन आत्ता चालू आहे, म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. पण लेकीच्या छातीवर हात ठेवून झोपवताना हे आठवतं, ते आठवतंच.

घरी आम्ही जे करतो ते साधं आहे, मशिन पूर्ण भरून लावायचं, ३० डिग्रीवर, कमी वेळाचं धुणं, आणि फ्लीस उगाच धुवायचं नाही. तरी मला वाटतं खरा उपाय कापड बनवणाऱ्यांकडे आहे, घट्ट पीळ आणि घट्ट वीण असलेलं कापड कमी गळतं हे प्रयोगात दिसलंय, मग ते तसं बनवायला लावा ना. इंग्लंडमधे २०१८ ला फेसवॉशमधले प्लास्टिकचे मणी कायद्याने बंद झाले, त्याआधी इथेच मोजलं होतं की एकदा तोंड धुतलं की हजारोंनी मणी बेसिनमधे जातात. मोजलं, लोकांना दाखवलं, आणि बंद झाले. कपड्यांचं का होऊ नये?

आईला मी हे सगळं फोनवर सांगत असते. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना दारात बोहारीण आली आणि आई जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा काढायला उठली. आता ती घरात सिंथेटिकच नेसते, धुवायला सोपी, इस्त्री नको, पावसात पटकन वाळते, आणि सत्तरीच्या बाईला मी त्यावरून काही बोलणार नाही. पण म्हटलं, आई थांब, त्या नको देऊस. सुताचेही धागे सुटतात पण ते कुजतात तरी. ती म्हणाली, "अगं पण विटल्यात त्या, करायचं काय त्यांचं?" गोधडी, मी म्हटलं. "आता सुईत दोरा ओवता येत नाही मला, कोण बसणार शिवायला?"

जुलैत लेकीच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही येतोय. बाहेर पाऊस कोसळत असेल, तेव्हा ओटीवर बसून दोरा मी ओवून देईन आणि टाके ती घालेल असं ठरलंय. निळ्या काठाची आणि ती जांभळी, दोन्ही तिने बाजूला काढून ठेवल्यात. बोहारणीला दोन जुने टॉवेल दिले.