पुसून गेलेला पिवळा ठिपका

आखातातून आलेला यॅशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा रत्नागिरीकडच्या कपाटांतून अजून निघतो. ही मालिका १९६६ सालची. बहुतेक जण फाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, धुरकट झाला म्हणून कॅमेरा माझ्याकडे दुरुस्तीला आणतात. परवा आलेल्या एका मुलाचं उलटं होतं. “काका, आतली काच स्पिरिटने पुसली. आता लख्ख दिसतं, पण पिवळा ठिपका गेला.”

एवढं ऐकलं की निदान कॅमेरा उघडण्याआधीच होतं. फाइंडरमध्ये ४५ अंशांत एक पातळ काच बसवलेली असते आणि तिच्यावर अर्धपारदर्शक मुलामा असतो; हाच आरसा. समोरचं दृश्य तिच्यातून आरपार येतं; बाजूच्या छोट्या खिडकीतलं दुसरं चित्र तिच्यावर आपटून ठिपक्यात दिसतं. दोन्ही चित्रं एकावर एक आली की फोकस जुळला. मुलामा गेला की उरते साधी काच. म्हणून दृश्य उजळ आणि ठिपका नाही. आपल्याकडच्या दमट हवेत हा मुलामा आधीच कमजोर झालेला असतो, त्याला कापसाचा एक हात पुरतो.

टॉप कव्हर काढून आत टॉर्च मारला. आरशाच्या कडेला तेवढा मुलामा शिल्लक होता. पुढच्या भिंगावर बुरशीचे धागे, डोळ्याकडच्या भिंगावर तेलकट थर. तेलकट थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला. बुरशीला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढ्याच मापाचा अमोनिया लागतो. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालायचं. धागे गेले तरी बुरशीच्या आम्लाने काचेवर कोरलेली नक्षी जात नाही. फाइंडरमध्ये ती फारशी नडत नाही, तिच्यासाठी भिंग घासत बसू नये. यातलं कोणतंही द्रावण आरशाजवळ न्यायचं नाही. त्याला फक्त ब्लोअर.

आता नवा आरसा. खिडकीला लावायची आरसा-फिल्म चिकटवण्याचा सल्ला बरेच देतात. तिच्यातून कडा फुटलेल्या दिसतात, मी वापरत नाही. बीमस्प्लिटर, म्हणजे थोडा प्रकाश आरपार सोडून थोडा परावर्तित करणारी काचच हवी. ५०:५० चालते, पण दृश्य बरंच काळवंडतं. ७० टक्के आरपार, ३० टक्के परावर्तन असलेली मला बरी वाटते. जाडी जुन्या काचेइतकीच घ्यायची. ४५ अंशांतली काच प्रकाशकिरण जाडीच्या साधारण एक तृतीयांश बाजूला सरकवते, म्हणजे १ मिमीच्या जागी २ मिमी बसवली तर चित्र आणखी ०.३३ मिमी ढळणार.

मुलाम्याची बाजू ओळखायला टूथपिकचं टोक कोपऱ्यात टेकवायचं. टोक आणि प्रतिबिंब भिडलं तर मुलामा त्याच बाजूला. मध्ये फट दिसली तर पलीकडे. जुन्या काचेवर तो ज्या अंगाला होता त्याच अंगाला ठेवायचा. काच उलटी बसली की ठिपक्यात भुताचं दुसरं चित्र दिसतं.

फेविक्विक इथे अजिबात नको, त्याच्या वाफेने भिंगांवर पांढरी साय धरते. सावकाश सुकणारं अराल्डाइट, दोन कोपऱ्यांना टाचणीच्या टोकाएवढं. अर्थात ते लावण्याआधी एक काम: जुळणीचे दोन्ही स्क्रू, वर-खाली आणि डावी-उजवीकडचा, मधोमध आणून ठेवायचे. मग लेन्स अनंतावर ठेवून, लांबच्या खांबावर नजर लावून, डिंक ओला असतानाच काच चिमट्याने हलकेच हलवत दोन्ही चित्रं जवळपास एकावर एक आणायची. हे टाळलं तर पुढे स्क्रू संपतो आणि जुळणी अर्धीच राहते.

डिंक रात्रभर सुकू दिला. बारीक जुळणी सकाळी मांडवीवरून भगवती किल्ल्याच्या दीपगृहावर केली. दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि कड नीट पकडता येत नाही. आधी वर-खाली, मग आडवं, पुन्हा वर-खाली. एकाने दुसरं थोडं बिघडतंच. नंतर टेपने १ मीटर मोजून तपासलं. अनंत जुळून १ मीटर चुकत असतं तर दोष आरशात नव्हे, लेन्सकडून येणाऱ्या दांडीत शोधावा लागला असता. इथे दोन्ही जुळलं. स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब दिला.

चामड्याचं कव्हर मात्र वेगळं ठेवायला सांगितलं, ते ओल धरून ठेवतं. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.