खिडकीपाशी थांबलेली माय

मी वेरूळला गाईड आहे. तिकिटाचे दर मला झोपेतही सांगता येतील: भारतीयाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००, पंधरा वर्षांखालच्या लेकरांना फुकट.

श्रावणातला सोमवार होता. घृष्णेश्वराला तुफान गर्दी. माझ्यासोबत अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं जोडपं होतं. पंधरापट दरावरून पाहुणे बऱ्याचदा कुरकुरतात, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण नवरा म्हणाला, आमच्याकडंही आहे की असं. त्याच्याकडं डिस्ने वर्ल्डचा वर्षभराचा ‘पिक्सी डस्ट’ पास होता. तो फक्त फ्लोरिडात राहणाऱ्यालाच मिळतो, तिथलाच पत्ता दाखवावा लागतो. बहुतेक कामाच्या दिवशीच चालतो, पण वर्षाच्या पासांत सगळ्यात स्वस्त तोच. बाहेरच्यानं जास्त पैसे देतो म्हटलं तरी देत नाहीत.

तेवढ्यात खिडकीपाशी एक म्हातारी दिसली. सोबत लेक, जावई, सून आणि दोन नातवंडं. देवदर्शन करून आले होते. चार मोठ्यांचे १६० रुपये ऐकून तिनं कनवटीची गाठ सोडली, नोटा मोजल्या, पुन्हा गाठ मारली.

“कुठल्या हो माय?”

गाव आमच्याच खुलताबाद तालुक्यातलं निघालं.

“कैलास पाह्यला का कधी?”

“नाही बापू. आता जायचं भाडं ठेवावं लागंल. इथूनच हात जोडते.”

माझ्या पोटात कालवलं. त्या घराला १६० रुपये म्हणजे तेलाची पिशवी. मोबाईलवरून तिकीट काढणाऱ्याला ३५ रुपयांत मिळतं. गाठीतली नोट काढणाऱ्या मायला पाच रुपये जास्त! परदेशी पाहुण्याकडून ६०० घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुंबईहून गाडीनं आलेल्याला आणि लेण्यांच्या शिवारात जन्म काढलेल्या बाईला एकच दर, हे मला पटत नाही. आधारकार्डावरचा पत्ता पाहून तालुक्यातल्या माणसाला वर्षाचा स्वस्त पास द्या. गर्दीच्या दिवशी नका चालवू हवं तर, पण द्या.

मी तिकिटं काढू लागलो तर मायनं हात धरला. “नको. लेकरांना तेवढं दाखवून आण.”

दोन्ही पोरं माझं बोट धरून आत आली. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत हे अख्खं देऊळ काढलं, हे मी त्या दिवशी पाहुण्यांआधी त्या दोघांना सांगितलं, मराठीत. पोरगा अंगणातल्या हत्तीपाशीच अडकला. सोंड तुटलेली पाहून विचारत होता, कुणी मोडली?

परत आलो तर माय झाडाखाली बसलेली. पोरगा पळत गेला.

“आजी, दगडाचा हत्ती हाय!”

“केवढा रं?”

त्यानं हात ताणले, पुरेनात. मग तिच्या दोन्ही हातांची बोटं धरून तोच तिचे हात लांब करू लागला.