आमची वाटचाल : एकच पाग आणि चार तळी

व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीला आपल्याकडे २००९ ला परवानगी मिळाली, त्यानंतर काही वर्षांनी पालघरला खाडीलगत मी आणि माझ्या चुलतभावाने ४ तळी घेऊन सुरुवात केली. पहिलं पीक छान निघालं. दुसऱ्या पिकाला महिनाभरातच ३ नंबर तळ्याच्या चेक ट्रेमधे (खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवतो तो ट्रे) मेलेली कोळंबी दिसायला लागली, जी जिवंत होती तिचं पोट रिकामं, लिव्हर फिकट पडलेलं, आणि आठवड्यात ४ आणि १ नंबरलाही तेच सुरू झालं, त्या रात्री आम्ही बांधावर बसून काढल्यात.

एका दुकानदाराने अँटिबायोटिक टाका सांगितलं. नाही टाकलं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, एक्सपोर्टला अंश सापडला तरी माल परत येतो, आणि शेवटी खाणार माणसंच ना.

बायको मायक्रोबायोलॉजीची. तिने घरीच टीसीबीएसच्या प्लेट लावल्या, म्हणजे व्हिब्रिओ जातीचे जंतू वाढवून ओळखायचा मीडिया ओतलेल्या ताटल्या, या मीडियाला ऑटोक्लेव्ह लागत नाही, उकळून ओतलं की झालं. साखर पचवणारा व्हिब्रिओ असेल तर पिवळ्या कॉलनी येतात, नाहीतर हिरव्या, आणि कोळंबी पटापट मारणारा पॅराहिमोलिटिकस हिरव्यांतला. हिरवं दिसलं म्हणजे तोच असं नसतं, पण ३ नंबरची प्लेट हिरवीगार होती. मग तिने आमच्या पागेचं (फेकायच्या जाळ्याचं) ओलं टोक एका प्लेटवर टेकवलं. दुसऱ्या दिवशी तीही हिरवी.

आम्ही रोज सकाळी तीच पाग घेऊन चारही तळ्यांवर फिरायचो, ३ वरून काढली की तशीच ओली ४ मधे. जंतू पहिल्यांदा कुठून आला ते देव जाणे पण पुढे आम्हीच नेला, हे पचवायला मला खूप दिवस लागले.

आता प्रत्येक तळ्याची पाग, बादली, ट्रे वेगळे, रंगीत रिबन बांधून. वापरलं की कडक उन्हात वाळवायचं, व्हिब्रिओला कोरडेपणा अजिबात सोसत नाही. बांधावर चढताना पाय लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) पाण्यात. पीक निघालं की तळातला काळा गाळ काढून जमिनीला भेगा पडेपर्यंत वाळवतो, मग चुना.

खाडीचं पाणी आधी साठवण तळ्यात ब्लीच करतो, तेही संध्याकाळी कारण उन्हात क्लोरीन उडून जातं. आणि कोकणच्या दमट हवेत ब्लीचिंगची जुनी गोणी अर्धी मेलेली असते हे लक्षात ठेवा, आम्ही ताजीच घेतो. एकदा घाईत क्लोरीन उतरायच्या आतच गुळात वाढवलेलं प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंचं पाणी) ओतलं, सगळे चांगले जंतू मेले. तेव्हापासून ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाणी पिवळं होत नाही ना (पिवळं म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक) ते बघितल्याशिवाय पुढचं काही नाही.

आता शेजारचे तळेवालेपण सॅम्पल घेऊन येतात. बाटली उकळून आणा आणि सकाळी फीड टाकायच्या आधी पाणी भरा, एवढंच बायको फोनवर सांगत असते.