तीस फुटांत दोन मतं

नवऱ्याला अडतीस फुटी शिडाची बोट हवी होती. म्हणे, उद्या अटलांटिक ओलांडायचा झाला तर? मी म्हटलं, आपल्या हाती शनिवार-रविवार, सोमवारी सकाळी मीटिंग. आपण फिरणार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बेमध्ये, म्हणजे उपसागरात. हा बे सुमारे ३०० किलोमीटर लांब खरा, पण सरासरी खोली अवघी २१ फूट. रात्री नांगर टाकायला ज्या निवाऱ्याच्या खाड्या, तिथे तर पाणी आणखी उथळ आणि खाली मऊ चिखल. इथे बोटीची लांबी नंतर. पाण्याखाली ती किती जाते ते आधी विचारायचं.

हा वाद आम्हाला बरेच महिने पुरला. मग मेरीलँडमधल्या डील गावात ऐंशीच्या दशकातली एक तीस फुटी ‘कॅटलिना ३०’ दिसली, विंग कीलची. तळाची वजनदार कील आखूड आणि खाली दोन्ही बाजूंना पसरट, त्यामुळे बोट चार फुटांपेक्षा कमी बुडते. साध्या कीलची हीच बोट सव्वापाच फूट जाते. हे मॉडेल सहा हजारांहून जास्त बनलं, म्हणजे सुटे भाग मिळतात आणि प्रत्येक दुखण्यावर कुणीतरी आधीच डोकं लावलेलं असतं. नवरा केबिनमध्ये उतरला आणि आतून ओरडला, “अगं, इथे ताठ उभं राहता येतंय!” अटलांटिक तिथेच मागे पडला.

सर्व्हेसाठी, म्हणजे घेण्याआधीच्या तपासणीसाठी, बोट पाण्याबाहेर काढली. सर्व्हेअर प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन आधी तळावर, मग डेकवर इंच-इंच ठोकत फिरला. माठ घेताना टिचकी मारून ऐकतात ना, अगदी तसं. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूची खूण. डोलकाठीच्या तारा डेकला जिथे पट्ट्यांनी जोडतात, तिथे बऱ्याच खुणा झाल्या. पाणी तिथूनच शिरून फायबरग्लासच्या आतलं लाकूड कुजवतं. कील आणि तळाच्या जोडावर पुढून एक बारीक भेग होती. या जातीच्या बोटींत ती इतकी नेहमीची की तिला ‘कॅटलिना स्माइल’च म्हणतात. त्या हसण्याने किंमत मात्र बरीच खाली आली.

हिवाळाभर बोट यार्डात स्टँडवर आणि आम्ही शिडीवरून वर-खाली. नवऱ्याच्या यादीत रडार. माझ्या यादीत डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा आणि टॉयलेटचे पाइप. तारा वरून चकचकीत दिसतात; गंज धरतो टोकाच्या पकडीत, जिथे नजर पोचत नाही. एक तुटली तर डोलकाठीच आडवी. पाइपची परीक्षा सोपी आहे: गरम ओल्या फडक्याने पाइप पुसायचा आणि फडकं हुंगायचं. वास आला तर पाइप आतून झिरपतोय. नवऱ्याने हुंगलं. रडारचा विषय संपला. त्याच्या समाधानासाठी लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या, आणि त्यांनी इंजिनवरचा वीज बनवणारा आल्टरनेटर जाळू नये म्हणून मध्ये एक वेगळा चार्जरही.

आता नाव. म्हादेई आणि तारिणी ही भारतीय नौदलाच्या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या बोटींची नावं. ती घ्यायची आपली ऐपत नाही. शिवाय नाव रेडिओवरून कळलं पाहिजे. संकटात मेडे पुकारताना ते तीनदा उच्चारायचं असतं, तेव्हा ‘ळ’ आणि ‘ण’ बाद. ‘रेवा’ ठरलं. आईला नर्मदा आठवली, मित्रांना बंगळुरूची ती चिमुकली विजेवरची गाडी. जुनी अक्षरं हीट गनने सोलली. जुन्या नावाचा मागमूस राहू नये, असा खलाशांचा संकेत. पण उन्हात फिकट झालेल्या रंगावर ती पुसट उमटलेलीच होती, पॉलिश करून हात मोडले. इथे शॅम्पेन ओततात. आम्ही नारळ फोडला, तोही नांगराच्या लोखंडावर. फायबरग्लासवर आपटायची माझी छाती नव्हती.

मग डीलहून अ‍ॅनापोलिसला निघालो. बेमध्ये खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे इतके, की एक डोळा सतत पाण्यावर. त्यांची दोरी इंजिनच्या पंख्यात अडकली की संपलं. डाव्या हाताला थॉमस पॉइंटचं षट्कोनी दीपगृह आलं. १८७५ सालचं, लोखंडी खांबांवर पाण्यातच उभं. तिथे वारा पडला आणि इंजिन लावावं लागलं. स्पा क्रीकचा पूल उघडण्यासाठी नवऱ्याने रेडिओवर नाव सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “रीवा, थांबा.” पूल उघडेपर्यंत आम्ही गोल गोल फिरत राहिलो, आणि तेवढ्यात शेजारच्या मोठ्या बोटीवरचं रडार त्याने मला दोनदा दाखवलं.